काट्यावरचा भात

आमच्या शेडमध्ये कचरा दोनदा तोलला जातो. गाडीतून उतरला की एकदा, ओला-सुका निवडून झाला की पुन्हा एकदा. आलेल्यातला किती खताला आणि भंगारात गेला, किती डंपला गेला, त्यावर वॉर्डाची टक्केवारी ठरते. ती काढून वर कळवायची, हे माझं काम. कुरुद वस्तीच्या बाजूला शेड सुरू झालं तेव्हापासून मी तिथली सुपरवायझर. घरी मला कचरेवाली म्हणतात. प्रेमानंच, पण म्हणतात.

आमचा वॉर्ड कायम शेवटून पहिला. आमच्या गल्ल्यांत बहुतेक भंडारा-गोंदियाकडून इकडे स्टील प्लांटच्या नोकरीला आलेली मराठी घरं, आणि त्या घरांत काही वायाच जात नाही. सालं आणि शिळी पोळी दारच्या गाईला, रद्दी कबाडीवाल्याला, जुनी लुगडी भांडेवालीला. आई तर दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन तारेवर वाळत घालते. आमच्यापर्यंत पोचायची ती केरातली माती, डायपर आणि फुटकी काच. ते डंपलाच जाणार, दुसरं काय होणार? लांबच्या, सुखवस्तू नेहरू नगरकडून अर्धवट खाल्लेलं जेवण आणि खोक्यांचे ढीग येत, म्हणून तिकडचा नंबर वर. चोर सोडून संन्याशाला फाशी, तशातली गत.

महापालिकेच्या साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "जो कचरा आया ही नहीं, उसको कैसे गिनें?" बरोबरच होतं त्यांचं, म्हणून जास्त राग आला. दिवाळीपर्यंत टक्केवारी वाढली नाही तर आमचं शेड बंद आणि सगळं काम नेहरू नगरच्या शेडला, असं त्यांनी सांगून टाकलं. निवडायला बसणाऱ्या बाया इथल्याच, पायी येणाऱ्या, लेकरं घरी ठेवून आलेल्या. इतक्या लांब जाणं त्यांना जमणार नव्हतं.

मग मी दारोदार फिरले. सालं गाईला घालू नका, गाडीत टाका. हे बोलताना माझीच मला लाज वाटायची. लोक हसायचे, चहा पाजायचे आणि दुसऱ्या दिवशी सालं गाईलाच घालायचे.

आई तर भडकलीच. "गाईच्या तोंडचं काढून तुह्या काट्यावर कावून ठेवू? तिच्या पोटात गेलं ते वाया गेलं का?"

"बायांचं काम जाईल, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अर्धी सालं माझ्या हातात दिली, अर्धी गाईपुढे टाकली. गाय बराच वेळ दारातून हलली नाही. अशा अर्ध्या-अर्ध्या सालांनी टक्केवारी काय वाढणार? मी थकून गेले होते.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली ती ड्रमच्या ड्रम भरून. कुठल्याशा मंडळाच्या भंडाऱ्यातलं उरलेलं: भात, वरण, पुऱ्या, न मोडलेले लाडू. "आज त काँटा टूट जाही, दीदी!" निवडणारी एक बाई इथल्या बोलीत ओरडली आणि सगळ्या हसल्या. सगळंच्या सगळं खताला जाणार होतं. आमच्या घरी ताटात शीत राहिलं तर वडील उठू देत नसत, आणि मी त्या भातापुढे उभी राहून खुश झाले. लपवून काय करू, मनापासून खुश झाले. त्यानंतर जिथं जिथं भंडारा, जिथं जिथं पंगत, तिथं मी गाडी पाठवली.

दिवाळीच्या आधी निरोप आला. शेड राहणार. बायांनी पेढे वाटले, एकीला रडू आलं. मी डबा घेऊन घरी गेले.

आईनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "वाढले कसे टक्के?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे लोकायनं आणखी अन्न फेकलं तं तुहं आणखी चांगलं होईल. असंच ना?"

मी हो म्हटलं. तिनं पेढा डब्यात परत ठेवला आणि झाकण लावलं.