पहिला अर्धा गुण

सुप्याच्या एका कारखान्यात मी सुट्या भागांची तपासणी करते. बुद्धिबळ शिकले मोबाईलवर, तेही चाळिशी उलटल्यावर. शेहेचाळिसाव्या वर्षी नगरच्या रेटिंग स्पर्धेत, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा ठरवणाऱ्या स्पर्धेत, नाव घातलं तेव्हा नवरा म्हणाला, "दुपारपर्यंत येशील घरी." मलाही तसंच वाटलं. डबासुद्धा नेला नाही.

पहिल्याच फेरीत चौथीतल्या एका मुलीनं माझा वजीर खाल्ला आणि थोड्या वेळात डावही संपवला. पर्स उचलून मी पंचबाईंकडे गेले. "हरले. येते मी."

"कुठं निघालात?" त्या म्हणाल्या. "इथं कुणी बाद होत नाही. सगळ्यांनी सगळ्या फेऱ्या खेळायच्या. जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी."

मी थांबले. पुढचे तीन डावही हरले आणि टेबल बदलत बदलत पार शेवटच्या रांगेत पोचले. शेवटच्या फेरीत समोर एक पांढऱ्या दाढीचे चाचा आले. शहरात शिलाईचं दुकान, खिशात मोजपट्टी. त्यांचं एक प्यादं जास्त होतं, पण माझा राजा त्याच्या वाटेत ठाण मांडून बसला. बराच वेळ डोकं खाजवून त्यांनी चाल केली आणि म्हणाले, "ताई, बरोबरी?"

मी हात पुढे केला.

"बरं झालं, अर्धा गुण मिळाला," पंचबाई निकाल लिहिताना म्हणाल्या. "पहिल्यांदा खेळणाऱ्याला शून्य आलं तर ती स्पर्धा रेटिंगला धरत नाहीत. तुमचे रेटिंगवाल्यांशी चार डाव झालेत. ते आता मोजले जातील. असे पाच झाले की तुम्हाला रेटिंग."

चाचांनी मोजपट्टी नीट गुंडाळली. "माझं रेटिंग तर लई वेळा खाली आलंय. खेळायचं सोडलं न्हाई."

पुढे संगमनेरच्या स्पर्धेत दोन डाव जिंकले. त्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेला रेटिंगची जगाची नवी यादी आली. तिच्यात माझं नाव होतं. वरून शोधलं तर दिवस जाईल, खालून लवकर सापडतं.

कारखान्यात मोबाईल हातोहात फिरला. पॅकिंगमधली एक मैत्रीण म्हणाली, "मला पन शिकव की. घोडं कसं चालतं?" जेवणाच्या सुट्टीत आम्ही खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनानं चौसष्ट घरं आखली.