दाजींच्या मशीनचा आवाज

अख्ख्या जव्हार तालुक्यात कुजबुजणं न जमणारा एकच माणूस असेल, तर ते आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जामसरला भातशेती आणि पावसाळ्यात शिरपामाळकडच्या बंगल्यांचं गवत कापायचं काम. त्यासाठी घेतलेलं पेट्रोलचं मशीन त्यांना बैलाइतकं लाडकं. कामावर निघण्याआधी ते ओसरीसमोर सुरू करून त्याची तब्येत बघायची, हा वर्षानुवर्षांचा नेम. दाजी शेजारी बसून निवांत चहा पितात, आत भांडी मांडणीवर नाचतात आणि ताईचं डोकं ठणकायला लागतं. यंदा ताईने पिशवी भरली, "याचा आवाज कमी झाला तं मी येन," म्हणाली आणि जव्हारला माझ्याकडे निघून आली.

दाजी हादरले. मशीन सोडलं तर काम जाणार, आणि ताईशिवाय घर त्यांना खायला उठलं. मग उपाय सुरू झाले. मशीनवर गोधडी टाकली. ती जळाली, आणि नेमकी ताईने शिवलेली निघाली. मग त्यांना वाटलं, तारपा वाजवताना त्याच्या भोपळ्यातून फुंक किती गोड होऊन निघते! लगेच एक वाळका भोपळा सायलेन्सरला बांधला. तो पाडाभर असा घुमला की म्हातारी माणसं काठ्या टेकत आली. "नवा भात पुजला नाय, आन तारपा कोन वाजवतो?" प्रत्येक उपायाला दाजी मला फोन लावत, तो मशीनजवळ धरत आणि ओरडत, "तिला इचार, आयकू येतं का?"

"सांग, येतं," ताई भाजी निवडत म्हणे. पण फोनच्या वेळी ती माझ्या आसपासच असायची.

शेवटी मेकॅनिकला दाखवलं. सायलेन्सर सडून भोक पडलेलं, पत्र्याचे नटबोल्ट ढिले. नवा सायलेन्सर बसला, पत्र्याखाली जुन्या ट्यूबची पट्टी गेली, पात्याला धार लागली आणि इंजिन अर्ध्या जोरावरच गवत कापू लागलं. त्या दिवशी फोन ताईनेच घेतला.

"मशीन आयकू नाय येत," ती म्हणाली, "तुझाच आवाज येतो. वरडू नको, मी येते."

"काय? काय म्हनलीस?" दाजी ओरडतच राहिले.

मी तिला मोटरसायकलवरून सोडायला गेलो. दाजी पाठमोरे गवत कापत होते, मशीन नुसतं पुटपुटत होतं. ताईने हाक मारली. पुन्हा मारली. दाजी वळले नाहीत. त्या आवाजाजवळ बसून बसून त्यांचे कान गेले होते, हे तेव्हा कळलं आणि मला फार वाईट वाटलं. ताईने पिशवी खाली ठेवली, चिखलातून गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दाजींनी मशीन बंद केलं. खरंच बंद झालं का, ते दांड्याला हात लावून पाहिलं. मग तिच्याकडे वाकून, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल इतक्या हळू त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"