गाडीच्या छताचं अस्तर

या गोष्टीला मी बरीच वर्षं बगल दिली. छताचा विषय निघाला की मी इंजिनाबद्दल बोलायला लागायचो. मागच्या महिन्यात मुलगा घरी आलेल्या पाहुण्यांना आमची जुनी मोटार दाखवत होता. म्हणाला, "आतलं छत पुण्याच्या एका जुन्या कारागिरानं केलंय." त्याला हे मीच सांगितलं होतं; काम झालं तेव्हा तो परगावी नोकरीला होता. असा कारागीर कधीच नव्हता. ते काम माझ्या बायकोनं केलं, आणि ती आता नाही. म्हणून लिहून ठेवतो.

गाडी वडिलांची. मी फाउंड्रीतून निवृत्त झालो तेव्हा ती परसातल्या शेडमध्ये पडून होती. इंजिन, पत्रा, रंग ही कामं उद्यमनगरातल्या ओळखीच्यांकडून झाली. दारांची पॅनेलंही जमली. छत मात्र अडलं. त्या गाडीत छताचं कापड नुसतं चिकटवलेलं नसतं. ते बारीक सळ्यांवर ताणून टांगलेलं असतं, आणि प्रत्येक सळी कापडाच्या मागच्या बाजूला शिवलेल्या नेफ्यातून जाते. मी मापं घेतली, कापड कापलं आणि नेफे शिवायला तिच्याकडे दिलं. ती घरी ब्लाऊज, परकर शिवायची. शिवून झाल्यावर कापड पुढच्या काचेपर्यंत पोचेना. चांगलं वीतभर कमी.

"नेफ्यात कापड जातंय की. ते कुणी धरायचं?" ती म्हणाली.

"आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही इचारलासा कुठं? सायबागत कापड हातात दिलासा आन् गेलासा."

दुसरं कापड आणलं. या वेळी तिनं मला बाजूला केलं. जुनं अस्तर उसवून जमिनीवर पसरलं आणि त्यावरून कापलं. सीटा बाहेर काढलेल्याच होत्या. ती गाडीत सतरंजी टाकून उताणी पडायची आणि मी बाहेरून एकेक सळी आत द्यायचो. आधी मधली सळी बसवायची, मग पुढं आणि मागं ताणत जायचं. कडांना सोल्यूशन लावून कापड दाबलं, की ते सुकेपर्यंत धरून ठेवायला तिनं वाळत घालायच्या दोरीवरचे चिमटे आणले. शेवटी मागच्या काचेजवळ एक चुणी राहिली. मी म्हणालो, राहू दे, कुणाला दिसतेय. तिनं कडा पुन्हा उचकटली, कापड ओढून घेतलं आणि खालून किटलीची वाफ दिली. चुणी गेली.

त्याच दिवसांत ती एकदा म्हणाली, "असली दोन-चार कामं मिळाली तर ब्लाऊजं सोडून दीन बघा. बायका फिटिंगवरनं लई डोकं खात्यात. गाडी काय बोलत न्हाय."

मी हसलो. ती हसत नव्हती.

पुढं हिवाळ्यात शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. आम्ही दोघं गाडी घेऊन गेलो. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले सगळ्या गाड्या बघत फिरत होते. शेजारच्या गाडीत डोकं घालून ते मोठ्यानं म्हणाले, "ह्यानं बायकूचा परकर फाडून लावलाय काय वर?" भोवतीचे सगळे हसले. मीही हसलो. मग ते आमच्या गाडीत येऊन बसले. वर बघितलं, छतावरून तळहात फिरवला.

"पावणं, हे काम कुणाचं?"

ती माझ्या शेजारीच उभी होती.

"पुण्याचा एक कारागीर आहे," मी म्हणालो.

"मग नंबर द्या की त्याचा. माझ्या दोन गाड्या तशाच पडल्यात."

"वारला तो," मी म्हणालो.

"अरारा! कधी हो वैनी?"

"आत्ताच," ती म्हणाली.

घरी येताना तिनं वाटेत भाजी घेतली. मेथी चांगली मिळाली, एवढंच बोलली. त्यानंतर ती ब्लाऊजच शिवत राहिली. मी तसं का बोललो, याचा नंतर पुष्कळ विचार केला. परकराचा विनोद नुकताच झाला होता. माझ्या गाडीचं छत घरात, परकराच्याच मशीनवर शिवलंय, हे त्या लोकांसमोर सांगायची मला लाज वाटली. याहून मोठं कारण काही नाही. त्या यंत्रमागवाल्यांना शोधून काढणंही अवघड नव्हतं. इचलकरंजीत चार ठिकाणी विचारलं असतं तरी पत्ता लागला असता. मी विचारलं नाही.

एकदा आम्ही त्याच गाडीनं गगनबावड्याला गेलो होतो. धुकं फार होतं म्हणून एका टपरीशी थांबलो. चहा हातात आल्यावर मी म्हणालो, "प्रदर्शनात मी ते बोललो ना..."

तिनं कप तोंडाजवळून खाली घेतला आणि माझ्याकडे बघत थांबली. ती मला वेळ देत होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"त्या इचलकरंजीवाल्याच्या गाड्या झाल्या असतील एव्हाना," मी वाक्य पुरं केलं.

"झाल्या असतील की," ती म्हणाली, आणि कप टपरीवाल्याला द्यायला गेली.

त्यानंतरही ती काही वर्षं होती. रोज समोर होती, आजारपणातसुद्धा बोलत होती. वाक्य काही मोठं नव्हतं. छत तू केलंस, ते मी तिथंच सगळ्यांना सांगायला हवं होतं, माझं चुकलं. एवढं मला तिला म्हणता आलं नाही.