नळाचं पाणी आणि चार शार्क

तुमच्या काचेच्या टाकीचा फोटो मिळाला. त्या दोन छोट्या शार्कना तुम्ही काय खायला घालता, पाणी किती गरम ठेवता, हे सगळं तुम्ही नीट मुद्देसूद लिहिलंत, ते मला आवडलं. पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत की आजोबांकडेही शार्क होते आणि वीज गेल्यामुळे ते मेले असं बाबा सांगतात, ते खरं का.

शार्क होते, हे खरं. वीज गेल्यामुळे मेले, हे खरं नाही. तुमच्या बाबांनी तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. त्यांना मी तसं कळवलं होतं. आता तुम्ही स्वतः पाण्यात हात घालायला लागला आहात, तेव्हा खरं काय झालं ते लिहिते. वाचून झालं की हे पत्र बाबांनाही द्या.

नव्वदीची पहिली वर्षं होती. आम्ही धुळ्याला राहत होतो. आजोबा हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, माझी दोन वर्षं उरली होती. दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला. आरशातून माझ्याकडे बघत ते काहीतरी सांगायला गेले आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. उजवी बाजू गेली होती. वाचाही गेली होती.

महिन्याभराने दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "त्यांना सगळं समजतंय बरं का, बाई. शब्द सापडत नाहीत एवढंच. बोलतं करा त्यांना. जे परत यायचं ते पहिल्या वर्षात येईल. त्यानंतर मी आशा लावणार नाही."

म्हणजे माझ्या हातात दिवाळीपासून दिवाळीपर्यंतचा वेळ होता. मी शाळेतून लांब रजा घेतली आणि वेळापत्रक करून कॉटसमोरच्या भिंतीवर लावलं. आठ वाजता स्वर, साडेआठला चित्रं, अकराला आकडे. चित्रातली बादली दाखवून मी विचारायची, "हे काय?" ते घाम येईपर्यंत झगडायचे आणि शेवटी भिंतीकडे तोंड करायचे. चुकीचं उत्तर पुढे जाऊ द्यायचं नाही ही माझी तीस वर्षांची सवय. "बा" म्हणाले की मी म्हणायची, "बादली. पुन्हा." दोन महिने असे गेले. एकही शब्द आला नाही.

तुमचे बाबा तेव्हा नोकरीनिमित्त दीपनगरला वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होते. त्यांच्या शेजाऱ्यांकडे मासे होते. ते बघून त्यांना सुचलं. संक्रांतीनंतर एका रविवारी ते जळगावच्या एका दुकानातून तीन फुटी टाकी घेऊन एसटीने आले. टाकी गोधडीत गुंडाळून वरच्या टपावर, आणि हवा भरून फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी मांडीवर. एरंडोल आणि पारोळ्याला गाडी थांबली की लोक खिडकीतून डोकावून विचारत होते म्हणे, "भाऊ, काय शे हे?"

दुकानदार त्यांना शार्क म्हणायचा. खरे शार्क ते नव्हेत, समुद्राशीही त्यांचा संबंध नाही, हे मला फार नंतर कळलं. पण दिसायचे तसेच. बोटाएवढे लांब, अंगाला खवले नाहीत, पाठीवर त्रिकोणी पर, आणि तोंडाजवळ बारीक मिशा. चार होते. एका जागी थांबणं त्यांना माहीत नव्हतं. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चौघं मिळून फेऱ्या मारायचे, काचेला तोंड लागलं की वळायचे. टाकी आजोबांच्या कॉटपासून हातभर अंतरावर ठेवली. पहिल्या संध्याकाळी जेवणाचं ताट गार झालं तरी त्यांची नजर हलली नाही.

हे मासे विलक्षण भित्रे. खोलीत एकदम ट्यूबलाइट लावली की चौघंही सैरावैरा धावायचे, काचेवर आपटायचे आणि आडवे पडून मेल्यासारखे तरंगायचे. पाच मिनिटांनी हळूच सरळ व्हायचे. आजोबांनी दोन दिवसांत हे ओळखलं. मी बटणाकडे गेले की ते डावा पंजा वर करायचे. थांब. मग उशीवरचा टॉवेल डाव्या हाताने टाकीवर टाकायचे आणि मान हलवायचे. आता लाव. इतक्या महिन्यांत त्यांनी मला सांगितलेली ही पहिली गोष्ट.

पहिला शब्द मात्र माझ्यासमोर आला नाही. भांड्याला येणारी अक्का, धुळ्याजवळच्याच खेड्यातली, फरशी पुसताना टाकीसमोर फतकल मारून बसायची. आमच्या घरात मी शुद्धच बोलायला लावायची. आजोबा मूळचे भडगावकडचे, लहानपणी घरात अहिराणीच बोललेले, पण लग्नानंतर माझ्यापुढे त्यांनी ती कधी काढली नाही. अक्काला हे कोण सांगणार? ती सरळ विचारायची, "आबा, आज कितला शेतस?"

एका सकाळी मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि मला ऐकू आलं, "चा."

"चार का? बठ्ठा शेतस मंग," अक्का म्हणाली. म्हणजे सगळे आहेत तर. "मासास्ले बी मिशा शेतस, आबा. तुमनापेक्षा चांगल्या."

आजोबा हसले. घशातून आलेलं ते हसू मी लाटणं हातात धरून ऐकलं. मग बाहेर गेले आणि म्हणाले, "चार. चा नाही, चार. म्हणा पाहू." त्यांनी तोंड मिटलं. अक्काने फडकं पिळलं आणि दुसऱ्या खोलीत गेली.

तरी शब्द येऊ लागले. फाल्गुनात "चार" नीट आलं. मग "पाणी", मग "नको". मी वहीत लिहून ठेवत होते, शब्द आणि तो कधी आला ते. वैशाखापर्यंत अकरा शब्द झाले होते. रोज सकाळी ते मासे मोजायचे, एक, दोन, तीन, चार, आणि मी वहीत खूण करायची. दिवाळीला अजून सहा महिने होते. डॉक्टर म्हणाले, "चांगलं चाललंय. मासे जपा."

मासे जपायचे म्हणजे पाणी जपायचं, आणि धुळ्यात उन्हाळ्यात पाणी जपणं म्हणजे काय ते तुम्हाला तिकडे बसून कळायचं नाही. नळ तेव्हा चार-पाच दिवसांनी यायचा. कडक उन्हाळ्यात आठ दिवसही लागायचे. नळ आला की घरोघरी एकच काम. पिंप, हंडे, कळश्या, बादल्या, सगळ्यांतलं शिळं पाणी ओतून टाकायचं, राखेने घासायचं आणि ताजं भरायचं. नळाला पाणी आलेलं असताना घरात शिळं पाणी राहिलं, तर ती बाई आळशी. मी शाळेत शिकवणारी, चार बुकं वाचलेली, पण या बाबतीत गल्लीतल्या कुणाहूनही वेगळी नव्हते.

तुमच्या बाबांनी टाकीचे नियम लिहून दिले होते. पाव टाकीच बदलायची. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवायचं, मगच घालायचं. मी ते पाळत होते. गच्चीवर एक हिरवी बादली माशांसाठी वेगळी ठेवली होती. पण टाकीतलं ते पिवळट पाणी माझ्या डोळ्यांत सलायचं. सगळं घर घासून ताजं भरलेलं आणि मधोमध चार महिन्यांचं शिळं पाणी.

मे महिन्यात गावात काविळीची साथ आली. आठ दिवस नळ नव्हता. सातव्या दिवशी आजोबांचं अंथरूण खराब झालं आणि त्यांना धुवायला मी गच्चीवरची हिरवी बादली वापरली. दुसरं पाणीच नव्हतं. आठव्या दिवशी सकाळी नळ आला. साथीमुळे त्यात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ब्लीचिंग पावडर टाकलेली होती. वासाने नाक चुरचुरत होतं. मला तो वास चांगला वाटला. त्या दिवसांत आम्हाला तो वास म्हणजे निर्धोक पाणी. आम्ही हेच पिणार, मग माशांना काय होणार आहे, असं मी मनात म्हटलं. पाऊण तासात नळ जाईल आणि मग पुन्हा आठ दिवस हे पिवळं पाणी बघत बसायचं, असंही म्हटलं.

सगळी भांडी भरून झाल्यावर मी चारही मासे जाळीने एका पातेल्यात काढले, रबरी नळीने टाकी पूर्ण रिकामी केली, तळातली वाळू नि खडे मोरीत नेऊन सोड्याने चोळून धुतले, काच आतून पुसली आणि नळाच्या पाण्याच्या कळश्या ओतायला लागले. माझी पाठ कॉटकडे होती.

तिसऱ्या कळशीला मागून आवाज आला. "अगं."

हा शब्द वहीत नव्हता. लग्नापासून ते मला याच शब्दाने हाक मारत होते आणि दिवाळीपासून मी तो ऐकला नव्हता. मी वळले. ते कोपरावर अर्धे उठले होते. डावा पंजा वर होता.

"अगं," ते पुन्हा म्हणाले. "नको."

त्या पंजाचा अर्थ मला कळला नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. घरात तो पंजा मला रोज दिसत होता. आणि आयुष्यभर प्रयोगशाळेत वावरलेल्या माणसाने त्या क्लोरीनच्या वासावरून काय ओळखलं असेल, हे समजायला मला फार हुशारीही लागली नसती. पण मोरीतला नळ बारीक व्हायला लागला होता आणि टाकी निम्मी रिकामी होती.

"दोन मिनिटं थांबा हो," मी म्हणाले. "नळ जाईल. झालंच माझं."

त्यांनी कॉटच्या दांडीवर मूठ आपटायला सुरुवात केली. मी उरलेल्या कळश्या ओतल्या आणि मासे सोडले.

आधी ते तिरासारखे धावले. काचेवर आपटण्याचा आवाज मोरीपर्यंत येत होता. ट्यूबलाइटला घाबरल्यासारखंच करताहेत, आडवे होऊन पुन्हा सरळ होतील, असं मला वाटलं. मग ते वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. कल्ले लालभडक झाले होते. पहिला अर्ध्या तासात उलटा झाला, दुसरा त्याच्या पाठोपाठ. उरलेल्या दोघांना मी हातात धरून पिण्याच्या माठात टाकलं. माठात काय होतं? तेच पाणी. दुपारपर्यंत तेही गेले. हे सगळं आजोबांनी हातभर अंतरावरून पाहिलं. मूठ आपटणं त्यांनी कधी थांबवलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी अक्का आली. टाकीत स्वच्छ, चकचकीत पाणी. "काय व्हयनं, बाई?"

"मेले."

"बठ्ठा मरी ग्यात?"

"पहाटे वीज गेली होती," मी म्हणाले. "हवेचा पंप बंद पडला." माझ्या तोंडून ते इतक्या सहज बाहेर पडलं की मीच दचकले. अक्काने टाकीकडे पाहिलं, ओल्या मोरीकडे पाहिलं, सोड्याच्या डब्याकडे पाहिलं. मग आजोबांच्या पायाशी जाऊन बसली आणि त्यांचे तळवे दाबत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या बाबांना पत्र लिहिलं. आमची पद्धत अशी होती की पत्र लिहून झालं की मी ते आजोबांना वाचून दाखवायची आणि ते डाव्या हाताने खाली सही करायचे. तोही व्यायामच होता. मी वाचलं: आमच्या गल्लीची वीज पहाटे तीन तास गेली होती, पंप बंद पडला, मासे दगावले, तुझ्या बाबांची प्रकृती ठीक आहे. वाचताना मी एकदाही वर पाहिलं नाही. मग पुठ्ठ्यावर कागद ठेवून पेन त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी सही केली. नेहमीपेक्षा सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. पेन माझ्याकडे न देता चादरीवर ठेवलं.

तुमचे बाबा पुढच्या खेपेला दुसरे मासे आणू म्हणाले. आजोबांनी "नको" म्हटलं नाही, नुसती नकाराची मान हलवली. टाकी मी गच्चीवरच्या खोलीत ठेवून दिली. वेळापत्रक पुन्हा सुरू केलं. माशांऐवजी बोटं मोजायची असं ठरवलं. मी त्यांच्यापुढे हात धरायची, "एक..." आणि ते माझ्या हाताकडे शांतपणे बघत राहायचे. तोंड उघडायचे नाहीत. मी बादलीचं चित्र दाखवलं, पेल्याचं दाखवलं. शब्द गेले आहेत का, असं डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कधीकधी मागे जातं माणूस.

श्रावणात एका सकाळी मी शेगडीजवळ होते. बाहेर अक्का फरशी पुसत होती.

"आबा, जेवन व्हयनं का?"

"नही," आजोबा म्हणाले. स्पष्ट. त्यांच्या लहानपणीच्या बोलीत.

"भूक लागनी का?"

"हा."

मी दाराशी गेले. मला बघून ते गप्प झाले. मुद्दाम झाले की तसं होऊन गेलं, हे मला सांगता येणार नाही.

दिवाळी आली आणि गेली. आजोबा त्यानंतर दोन वर्षं जगले. माझ्याशी ते कधी वाईट वागले नाहीत. मी भरवलं की जेवायचे, कूस बदलताना डाव्या हाताने माझा खांदा धरायचे. पण माझ्यासमोर त्यांनी एक अक्षर उच्चारलं नाही. वहीत मी त्यानंतर काही लिहिलं नाही. मला काही विचारायचं असलं की मी अक्का यायची वाट बघायची आणि स्वयंपाकघरातून तिला सांगायची, "अक्का, आबांना विचार गं, पाणी हवं का?" ती विचारायची. मी आत भिंतीला टेकून उत्तर ऐकायची, आणि मग पेला भरून बाहेर न्यायची.