फोनवरचा रोल कॉल

मी इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि बजाजनगरला घर घेतलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत सोसायटीचं गेट बंद झालं. शेजारच्या इमारतीतली दोन माणसं एकाच आठवड्यात गेली. मी घाबरलो होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सीमेवर तोफगोळे पडायचे तेव्हाही भीती वाटायची, पण उजव्या-डाव्या हाताला आपला माणूस असायचा. खंदकात दोघं बसले की भीती वाटून घेता येते. इथं मी टीव्हीवरचे आकडे बघत होतो आणि बायकोवर उगाच डाफरत होतो.

शेवटी तीच म्हणाली, "पलटणीतल्या कुणाशी तरी बोला. माझं डोकं खाऊ नका."

असा आमचा रोल कॉल सुरू झाला. रोज सकाळी सातला, फोनवर, चौघांचा. फुलंब्रीचा हवालदार युनूस शेख. शहरात राहणारा नाईक अंबादास शिंदे. पलटणीत ड्रायव्हर होता, आता स्वतःची जीप भाड्यानं चालवायचा. आणि सुमनवहिनी. त्यांचे यजमान लान्स नाईक दत्ता आमच्याच कंपनीचे, सीमेवर शहीद झाले. वहिनी बजाजनगरातच एकट्या राहायच्या. अंबादास म्हणाला, "दत्ताच्या जागी वैनी रांगेत फॉल इन." विषय संपला.

मी नाव पुकारायचो, पलीकडून रिपोर्ट यायचा. अंबादासचा रिपोर्ट सरळ कधीच नसायचा. "साब, मिशी मास्कमधी कैद, बाकी जवान हजर." वहिनी हसायच्या. फोन ठेवला की मला भूक लागायची. माझं डाफरणंही कमी झालं, असं बायकोचं म्हणणं.

रमजान चालू होता. युनूसची बायको लेकीच्या बाळंतपणाला वैजापूरला गेली ती तिकडंच अडकली. तो घरी एकटा. त्या सकाळी मी त्याचं नाव घेतलं.

"हजर, साब. सब ठीक."

फौजेत हा रिपोर्ट जिभेवर बसलेला असतो. अंगात ताप असो की बूट फाटलेला असो, विचारणाऱ्याला उत्तर एकच. कुरकुर करणारा कामचुकार ठरतो. मी पुढचं नाव घेणार, तोच वहिनी मध्ये बोलल्या.

"युनूसभाऊजी, पहाटे सहरीला काय खाल्लं?"

"खाल्लं ना, भाभी."

"भाजी कशाची व्हती?"

मग तो म्हणाला, "चवच कळंना, भाभी." पाठोपाठ खोकला आला आणि लवकर थांबला नाही.

"आमचे हे बी सब ठीकच म्हणायचे," वहिनी म्हणाल्या. "बर्फानं पाय सुजले व्हते, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. सुभेदारभाऊजी, कुणीतरी जावा तिकडं."

"कुणी यायचं नाय," युनूस म्हणाला. "लागण व्हईल."

"युनूस, ही ऑर्डर आहे," मी म्हणालो. " दाराची कडी काढून ठेव."

"पेन्शनीत कसली ऑर्डर, साब?"

"अंबादास, लोकेशन?"

"जीपमधी, साब. वैनीनं भाजी विचारली तवाच चावी लावली."

मी दवाखान्यांना फोन लावत बसलो. अंबादासनं जीपच्या खिडक्या उघड्या टाकल्या आणि युनूसला मागं झोपवून शहराकडं आणलं. वहिनी सबंध रस्ता फोनवर युनूसला बोलतं ठेवत होत्या. शीरखुर्मा कसा करायचा ते त्याच्याकडून वदवून घेत होत्या. दोन ठिकाणी बेड नव्हता. तिसऱ्या ठिकाणी मिळाला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

त्यानंतर रोल कॉलमध्ये "सब ठीक" म्हणायला बंदी आली. जे असेल ते सांगायचं. युनूस वॉर्डातून सांगायचा, "लई भ्या वाटतं, साब. शेजारचा बेड रिकामा झाला." मग आम्ही तिघं त्याच्याशी बोलत राहायचो. हळूहळू त्याच्या शेजारचे पेशंटही मध्येच हजेरी द्यायला लागले. युनूस सावरला.

तो घरी यायच्या आतच अंबादासचा रिपोर्ट आला. "साब, ताप हाय. वास येईना." एवढंच. पहिल्यांदाच त्यात विनोद नव्हता. लागण कुठं झाली, सांगता येत नाही. मधल्या दिवसांत त्यानं आणखी बऱ्याच पेशंटना जीपमधून नेलं होतं. आपल्यामुळंच झाली, हे युनूसच्या मनातून मात्र कुणी काढू शकलं नाही.

दवाखान्यात अंबादासच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला आणि बोलणं बंद झालं. गस्तीवर बोलता येत नसलं की वायरलेसचं बटण दोनदा दाबतात. ऐकणाऱ्याला कळतं, माणूस आहे. अंबादास फोनवर नखानं दोनदा टकटक करायचा. एका सकाळी टकटक आली नाही. अंबादास गेला.

दुसऱ्या दिवशी सातला आम्ही तिघं फोनवर आलो. मग युनूस बोलायला लागला. वरच्या पोस्टवर डिझेल गोठू नये म्हणून अंबादास ट्रकचं इंजिन चालू ठेवायचा आणि गस्तीवर निघणाऱ्यांचे हातमोजे बॉनेटवर गरम करून द्यायचा. हे आम्हाला माहीत होतं.

"पन त्याचे सोताचे कुठं व्हते, साब?" युनूस म्हणाला. "दत्ताचे फाटले, तवा त्यानं आपले काढून दत्ताला दिले. कुणाला सांगू नको म्हनला व्हता."



"हे गेल्यावर यांच्या पेटीतनं आलेले हातमोजे लई मोठे व्हते," वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचं, चुकून दुसऱ्याचे आले. तरी जपून ठेवले."

लॉकडाउन उठल्यावर त्यांना घेऊन मी अंबादासच्या घरी गेलो. वहिनींनी ती जोडी त्याच्या बायकोपुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं एक हातमोजा स्वतःकडं ठेवला आणि दुसरा वहिनींना परत दिला.