नाना, पत्र पाठवलंय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. कुपवाडला ज्याच्या खोलीवर राहतो त्या माझ्या सख्ख्या भावालाही नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघणार नाही, एवढं मात्र कळलंय.

सुरुवात कुठून करू? विषयापासून करतो. ते सोपं आहे.

मी साताऱ्याला एम.ए. करत होतो, राज्यशास्त्रात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. गाव आटपाडीकडचं, वडील वर्षातले सहा-आठ महिने मेंढरं घेऊन फिरतीवर. पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाला मी विषय घेतला — दक्षिण सुदानमधल्या जोंगलेई भागाचा इतिहास आणि प्रशासन. वर्ग हसला. मागून एकजण म्हणाला, “गड्या, आधी विट्याच्या पुढं तरी जाऊन ये.” सरांनी विचारलं, हे कुठून सुचलं? मी म्हणालो, घरमालकांमुळे.

घरमालक म्हणजे नाना. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती, ती मला दिली होती. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते शांतिसेनेबरोबर जोंगलेईला राहून आले होते. संध्याकाळी पायरीवर बसून सांगायचे आणि मी वहीत उतरवून घ्यायचो. दलदल, गुरं, गुरांसाठीच्या मारामाऱ्या. अर्धवट खणून टाकून दिलेला एक मोठा कालवा — गुरांची वाट त्यानं तोडली आणि पाणी काही आलं नाही. हे ऐकताना मला आमच्याकडची माणसं आठवायची, वर्षानुवर्षं कालव्याच्या खुणेच्या दगडांकडे बघत बसलेली.

मला कळत होतं, असं वाटायचं. इंग्रजांनी तो भाग मूठभर अधिकाऱ्यांच्या जोरावर आणि गावोगाव नेमलेल्या मुखियांकडून चालवला. पुढे देश वेगळा झाला, मग त्याच्या आत लढाई सुरू झाली, राज्यांच्या आणि तालुक्यांच्या हद्दी पुन्हा पुन्हा बदलल्या. एखाद्या माणसाचं गाव हललं नाही, पण जिल्हा तीनदा बदलला. हे सगळं मी लिहिलं. चांगले गुण पडले. नाना मला “कॉलेज” म्हणायचे. नावानं नाही, नुसतं कॉलेज. “ए कॉलेज, चहा झालाय.” काकू म्हणायच्या, “त्या पोराला एक नाव हाय आवं.” नाना म्हणायचे, “नावाची भानगड मला सांगू नगंस.”

तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

प्रकल्प जमा केला त्याच आठवड्यात नानांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि एक जुनी खिशातली वही काढली. जे सांगितलं ते काकूंनाही तेव्हा पुरतं माहीत नव्हतं.

लढाई जवळ आली तेव्हा छावणीत हजारो माणसं आसऱ्याला आली होती. त्यांना तिथून हलवायचं होतं, म्हणून याद्या करायचं काम निघालं. नाना लिहिणारे नव्हेत, पण माणसं कमी होती. त्यांना टेबलावर बसवलं. कुटुंबं एका यादीत, एकटी मुलं वेगळ्या यादीत. दुभाषी दुसऱ्या टेबलावर गेला होता. एक बाई चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन समोर आली. दोघांच्या गळ्यात मदतीची कार्डं होती. मुलाच्या कार्डावर गाटवेच टुट रुआच. बाईच्या कार्डावर न्याडेंग पुओक लाम.

नानांनी दोन्ही नावं बघितली. आपण बघतो तशी. आपल्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, मग आडनाव. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव, मग तेच आडनाव. इथे एकही शब्द जुळत नव्हता. दुसऱ्याची मुलं कुणी घेऊन जाऊ नये म्हणून सावध राहा, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी ठरवलं, हा हिचा नव्हे. मुलगा एकट्या मुलांच्या यादीत गेला. बाई रडत काहीतरी सांगत होती, पण तिथे सगळेच रडत होते. दोन ट्रक दोन दिशांना गेले.

तिसऱ्या दिवशी दुभाष्यानं याद्या वाचता वाचता सहज सांगितलं, आमच्यात आडनाव नसतं. माणसाचं नाव, त्याच्या बापाचं, मग आज्याचं. लग्न झालं तरी बाई आपल्याच बापाचं नाव लावते. आईचं आणि मुलाचं नाव जुळत नाही, जुळणारच नाही. नाना उठून साहेबांकडे गेले. तोवर रस्ता बंद झाला होता. मुलांचा ट्रक पोहोचला की नाही, हे त्यांना कधी कळलं नाही.

“पोराच्या डाव्या भुवईवर भाजल्याची खूण हाय,” नाना म्हणाले. “मी बघितलीया. दुसऱ्या कुणी बघितली नसंल. बाई सोडली तर मीच सांगू शकतो, सांगितलं तर ते शोधतील. हरवलेली पोरं शोधणारी एक संस्था हाय, तिचा पत्ता हाय माझ्याकडं. तू इंग्लिशमधी लिही. मला नुसती नावं लिवता येत्यात, कॅपिटलमधी.”

मी म्हणालो, “लिहितो की नाना. त्यात काय?”

आता येतंय ते. थांबतो जरा.

मला इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे वाचता यायचं, अडखळत, शब्दकोश उघडून. लिहिता येत नव्हतं. मोबाइलवर भाषांतर करून बघितलं, पानभर इंग्रजी आलं, पण ते बरोबर की चूक हे मला ठरवता येईना. साहेबलोक वाचून हसतील असं वाटलं. सरांना दाखवायला हवं होतं — सोपं होतं. पण सरांनी मौखिक परीक्षेत भरल्या वर्गासमोर माझं कौतुक केलं होतं. त्यांच्यासमोर जाऊन ‘मला पत्र लिहिता येत नाही’ म्हणायचं? आणि नानांसमोर? त्या घरात मी कॉलेज होतो.

चार दिवसांनी नानांनी विचारलं, “झालं का रं?”

मी म्हणालो, “नाना, पत्र पाठवलंय.”

एवढंच. तीन शब्द. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

खोटं बोलताना मी ठरवलं होतं की या आठवड्यात शिकून, कुणाला तरी विचारून पाठवूनच टाकायचं. मग परीक्षा आली. मग सुट्टीत मेंढरांमागे गेलो. परत आलो तर नाना फाटकातच. “काय आलं का?” मी म्हणालो, नाही अजून. दुसऱ्या दिवशी तेच. रोज संध्याकाळी तेच, कधी नुसत्या भुवया उंचावून. मी मोबाइल काढायचो, त्यांच्यादेखत मेल उघडायचो आणि मान हलवायचो. ते म्हणायचे, “लांबचं काम हाय. त्यास्नी कामं थोडी हायत व्हय?” जी संस्था त्यांचं नावही ऐकून नव्हती, तिची बाजू ते माझ्यापाशी घेत होते.

असं किती दिवस चाललं असेल? सव्वा वर्ष. सव्वा वर्ष मी रोज त्यांच्यासमोर मोबाइल उघडला.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी नाना आजारी पडले. मूत्रपिंडाचं दुखणं होतं, आठवड्यातून दोनदा दवाखाना. एकदा रिक्षातून उतरताना म्हणाले, माझे जुने साहेब आता मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्यांना सांगून त्या संस्थेत चौकशी करायला लावतो, आपलं पत्र कुठं अडकलंय ते कळेल. चौकशी झाली तर कळणारच होतं की पत्र आलेलंच नाही.

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं, आजारी माणूस आहे, त्याला शांती मिळायला हवी. पुढेही पुष्कळदा हेच सांगितलं. तुम्हाला नाही सांगणार. मी भ्यालो होतो. दया नव्हती ती.

मी संस्थेचं उत्तर तयार केलं. चार ओळी, इंग्रजीत. मुलगा सापडला आहे, आईजवळ आहे, आपले आभार. कॉलेजसमोरच्या दुकानात छापून घेतलं. ज्या इंग्रजीची पत्र लिहायला लाज वाटली, ते इंग्रजी खोटं उत्तर लिहायला पुरलं — याला काय म्हणायचं?

काकूंनी आधी ऐकलं. तोवर त्यांना नानांनी सगळं सांगितलेलं होतं. त्या तशाच चपला घालून गेल्या आणि कंदी पेढे घेऊन आल्या. “वाच रं, मोठ्यानं वाच.” मी वाचलं, मराठीत सांगितलं. काकू डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. “बघा, उगाच झुरत होता!” नानांनी कागद मागितला. चष्मा लावून, एकेका अक्षरावर बोट ठेवून ते नावं वाचू लागले. मुलाच्या नावावरून बोट पुढे सरकलं. बाईच्या नावावर थांबलं. पुष्कळ वेळ थांबलं.

“बाईचं नाव त्यांनीच आसं लिवलंय?”

“व्हय नाना.”

“बरं.”

त्यांनी घडी घातली. पेढ्याच्या खोक्यातला एक पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला. “खा,” म्हणाले. मी खाल्ला.

त्यानंतर त्यांनी मला कधीच विचारलं नाही, काय आलं का. मला हायसं वाटलं होतं. हेही लिहून ठेवतो — हायसं वाटलं होतं. कॉलेज म्हणणंही त्यांनी बंद केलं. माझ्या नावानं हाक मारू लागले. तो दुखण्याचा परिणाम असेल असं मी धरून चाललो.

पुढच्या वर्षी नाना गेले. मी कुपवाडहून गेलो होतो. दहाव्याला आलेल्या बायकांना काकू सांगत होत्या, “जाताना समाधानानं गेले. ते पोरगं घावलं ना त्यांचं.” आणि माझ्याकडे हात करून, “ह्या लेकरानं शोधून दिलं.” सगळ्या माझ्याकडे वळून बघू लागल्या. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

निघताना काकूंनी ती खिशातली वही माझ्या हातात दिली. तुझ्याकडंच असू दे म्हणाल्या. एसटीत बसल्यावर उघडली. आत माझं छापील पत्र होतं. मुलाच्या आईचं नाव मी छापलं होतं — न्याडेंग टुट रुआच. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, नवऱ्याच्या बापाचं नाव. आपल्याकडे लिहितात तसं. प्रकल्पात मी याच रिवाजावर दीड पान लिहिलं होतं, त्याचे गुण घेतले होते. आणि लिहायला बसलो तेव्हा हात सवयीनं आपल्याच रीतीनं गेला. टेबलावर बसलेल्या नानांच्या हातून झालेली चूक, तीच, तशीच.

त्यांनी त्यातल्या ‘टुट रुआच’वर एक सरळ रेघ मारली होती. खाली कॅपिटल अक्षरांत, दाबून दाबून लिहिलं होतं: न्याडेंग पुओक लाम. बाकी काही नाही. माझ्याविषयी एक अक्षरही नाही.

म्हणजे पेढा हातावर ठेवला तेव्हाच त्यांना कळलं होतं. उत्तर खोटं, तर पत्रही गेलेलं नाही, हेही कळलं असणार. मग त्यांनी साहेबांना का सांगितलं नाही? मला कानफटात का मारली नाही? काकूंचं हसणं बघून गप्प राहिले? की आता कुणावरच विसंबायचं नाही, असं ठरवलं? मला माहीत नाही. विचारायची सोय मी ठेवली नाही.

गेल्या महिन्यात मी खरं पत्र लिहिलं. आता जमतं. एका बैठकीत झालं, पाऊण तासात. पंधरा दिवसांच्या आत उत्तर आलं, साधं, सभ्य, आणि सोबत एक अर्ज. त्यात एक रकाना आहे: मुलाला शेवटचं पाहिलेली व्यक्ती. खाली सूचना आहे की मुलाचं वर्णन आणि घटना शक्यतो त्या व्यक्तीनं स्वतः सांगावी. ऐकीव माहितीवरून ओळख पटवणं अवघड जातं. उजव्या बाजूला, ती व्यक्ती कोणत्या वेळी फोनवर भेटू शकेल, असंही विचारलं आहे.

डाव्या भुवईवरची खूण मी लिहिली. मग वाटलं, नाना डावी म्हणाले ती मुलाची डावी, की समोरून बघणाऱ्या नानांच्या डाव्या हाताची? बोलताना त्यांनी बोट कुठल्या भुवईकडे नेलं होतं? वहीत ते लिहिलेलं नाही. मी तेव्हा लिहून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, इंग्रजीचं काय करायचं याचा विचार करत होतो.

तो मुलगा आता मोठा झाला असेल, असला तर.

काकूंना अजून काही सांगितलेलं नाही. त्या येईल-जाईल त्याला ती गोष्ट सांगतात.

रकान्यात नानांचं पूर्ण नाव लिहिलं. फोनच्या जागी लिहिलं — मयत. आईच्या रकान्यात न्याडेंग पुओक लाम, त्यांनी लिहिलं होतं तसं, कॅपिटल अक्षरांत. अर्ज पाठवला.