हजर राहणे सक्तीचे नाही

माझा धाकटा भाऊ फुटबॉलवर पोट भरायचा. कोल्हापुरात असं सांगितलं तर लोक आधी हसतात, कारण तिथं फुटबॉलवर जीव टाकणारे गल्लोगल्ली आहेत, पोट भरणारे फार थोडे. तो आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघातून गोव्याला गेला, तिथून दोन-तीन क्लब फिरला आणि सत्ताविसाव्या वर्षी कुवेतला आला. आणला मीच.

मी इथं बावीस वर्षं आहे. आलो तेव्हा एसी दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली पाने उचलून द्यायचो. आता अर्दियात वर्कशॉपांच्या ओळीत माझा स्वतःचा गाळा आहे. बंद पडलेल्या हॉटेलांचे फ्रिज, ओव्हन, स्टीलची टेबलं मी उचलतो, नीट करतो आणि नवीन हॉटेल काढणाऱ्याला विकतो. दोन्हीकडच्या माणसांशी घासाघीस करायची, हाच माझा धंदा. त्यामुळं धाकट्याचा करारही मीच केला होता. एका खाजगी कंपनीचा क्लब, पगारी खेळाडू, दर वर्षी ऑगस्टअखेर करार संपायचा आणि पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते क्लब ठरवायचा. त्याचा इथला राहण्याचा परवानाही त्या करारावरच होता.

ही गोष्ट घडली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. डाव्या बाजूनं दिवसभर वर-खाली धावणाऱ्या बचावपटूचं एकोणतीस म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या ऑगस्टात करार वाढला तर आणखी दोन-तीन वर्षं खेळ. नाही वाढला तर बूट कायमचे काढून ठेवायचे. एवढंच होतं सगळं.

हे लिहायचं कारण असं, की इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत लोक अजून माझ्यापुढं हा विषय काढतात. कुणी म्हणतं, 'त्यानं जायला नको होतं.' कुणी म्हणतं, 'तुम्ही मधे पडायला नको होतं.' हातात ताट असलेल्या माणसाला उत्तर देताना माझा आवाज चढतो आणि मग बायको मला बाजूला ओढते. म्हणून एकदा सगळं नीट सांगतो.

मे महिन्यात मोसम संपला आणि चार दिवसांत खेळाडूंच्या फोनवर कोचचा निरोप आला. जूनपासून रोज सकाळी पाच ते साडेसहा सराव. खाली एक शब्द वेगळ्या ओळीत: ऐच्छिक.

आम्ही फरवानियात राहतो. त्या दिवशी दुपारी जेवताना त्यानं मला तो निरोप दाखवला.

"ऐच्छिक म्हणजे नेमकं काय रे?" मी विचारलं.

"म्हणजे यायचं असलं तर या."

"आणि नाही गेलास तर?"

"न्हाई गेलो तर न्हाई गेलो." पण हे तो ताटाकडं बघून बोलला.

बायको चपाती वाढत म्हणाली, "लग्नाच्या पत्रिकेत 'आहेर आणू नये' छापतात बघा, तसलं आहे ते. कोण मोकळ्या हातानं आलं, ते बरोबर ध्यानात राहतंय सगळ्यांच्या."

आम्ही तिघंही हसलो. मग मी विचारलं, "ह्या सरावाचा पगार आहे?"

"सुट्टी हाय दादा. सुट्टीत कसला पगार?"

"मग सुट्टीत कसला सराव?"

"तालमीत कधी कुणी विचारलं काय, ऐच्छिक का काय ते? पहाटे वस्तादांची शिट्टी वाजली की पळायचं."

"तालमीत तू पेठेसाठी खेळत होतास. इथं तू माल आहेस. ज्याला माल पाहिजे त्यानं करार करून घ्यावा. फुकट वापरायला देत नाहीत."

माल हा शब्द मी वापरला. रोज वापरतो, तोंडात बसलेला आहे. त्यानं आमटीची वाटी उचलून पिऊन टाकली आणि उठला.

हात धुऊन परत आल्यावर म्हणाला, "नवीन पोरगा घेतलाय त्यांनी. लेफ्ट बॅक. बावीस वर्षांचा. तो पहिल्या दिवसापासनं येणार. आणि मी घरात बसू?"

मला त्याची भीती कळली. मला वाटलं, ही भीती कागदानं जाईल. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच भीती कागदानं गेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी मी क्लबच्या ऑफिसात गेलो. तिथल्या व्यवस्थापकाला सगळे मुदीर म्हणायचे. मऊ बोलायचा, समोर आलेल्याला चहा पाजायचा आणि ऐकताना डोळे मिटायचा. आम्ही हिंदी-अरबीची खिचडी करून बोलायचो. मी म्हणालो, सराव ऐच्छिक आहे तर तसं क्लबच्या कागदावर लिहून द्या. आला नाही म्हणून त्याच्या करारावर परिणाम होणार नाही, हेही लिहा.

तो म्हणाला, "हबीबी, एवढ्या छोट्या गोष्टीला कागद?"

"छोटी आहे तर लिहायला काय हरकत आहे?"

अर्धा तास गेला. दोन वेळा मी उठून दारापर्यंत जाऊन आलो, टेबलावर हातही आपटला. शेवटी त्यानं टाइप करायला सांगितलं. तेव्हा मला आणखी जोर चढला. म्हटलं, अजून एक वाक्य घाला: हा सराव करारातल्या कामाचा भाग धरला जाणार नाही. म्हणजे उद्या 'कामावर आला नाही' असं म्हणायची सोय राहू नये.

ह्या वाक्याला तो लगेच 'हो' म्हणाला. डोळेसुद्धा मिटले नाहीत.

बावीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आहे. समोरचा पटकन 'हो' म्हणाला की थांबायचं आणि आपण काय मागितलं ते पुन्हा बघायचं. जुना ओव्हन घेताना मी हे कधी विसरलो नाही. त्या दिवशी विसरलो. सही झाली, शिक्का बसला, आणि मी जिंकल्यासारखा खाली उतरलो. घरी येऊन कागद धाकट्याच्या पुढं ठेवला. "आता झोप निवांत," म्हणालो. त्यानं वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "बरं केलंस दादा." त्यावर मी विश्वास ठेवला.

जूनमध्ये तो रोज साडेचारला उठायला लागला. चालायला जातो म्हणायचा. त्या दिवसांत ऊन चढल्यावर बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून पहाटे चालणारे पुष्कळ असतात. मला शंका आली नाही, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे एकदा आली होती. परत आल्यावर त्याचे केस ओले असायचे आणि चेहरा मात्र मोकळा असायचा, मेपासून दिसला नव्हता इतका. मी विचारलं नाही.

जुलैच्या मध्यात एका सकाळी गाळ्यावर फोन आला. त्याच्या संघातला एक खेळाडू बोलत होता. हॉस्पिटलात या, एवढंच म्हणाला.

तो खाटेवर बसला होता. उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झालेला.

"कसं झालं?"

"चालताना पाय मुरगळला."

"चालायला नडगीवर पॅड बांधून जातोस काय रे?"

त्यानं खाली बघितलं. पायमोजे अजून वर ओढलेले होते आणि आतल्या पॅडचा उंचवटा स्पष्ट दिसत होता. त्याला हसू आलं, मग त्याच हसण्यात दुखलं, आणि मग तो रडला. माझ्यापुढं तो शेवटचा रडला होता आमचे वडील गेले तेव्हा. मी त्याला धरलं नाही. मी तिथंच उभा राहून त्याला शिव्या दिल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला भाषा कळत नव्हती, तरी त्यानं तोंड फिरवलं.

गुडघ्यातला मुख्य बंध तुटला होता. ऑपरेशन आणि त्यानंतर निदान नऊ महिने, असं डॉक्टर म्हणाले.

मी क्लबच्या ऑफिसात गेलो. कोचही तिथं बसला होता. माझं म्हणणं सरळ होतं. तुमच्या मैदानावर, तुमच्या कोचच्या शिट्टीवर, तुमचा खेळाडू जखमी झाला. बरं करा, आणि बरा होईपर्यंत ठेवा.

मुदीरनं चहा मागवला. मग फाईल उघडून मीच मिळवलेला कागद माझ्याकडं फिरवून ठेवला आणि शेवटच्या वाक्याखाली बोट धरलं. सराव कामाचा भाग नाही, म्हणजे त्यातली दुखापतही क्लबची नाही.

मी कोचवर उलटलो. "तुम्ही बोलावलंत ना त्याला?"

"मी कुणालाच बोलावलं नाही," कोच म्हणाला. "तो रोज सगळ्यांच्या आधी यायचा. गेट उघडायच्याही आधी."

"नसता आला तर संघात घेतला असतात?"

कोच खोटं बोलणारा माणूस नव्हता, एवढं मी मान्य करतो. "जे मला दिसतात त्यांच्यातून मी निवडतो," म्हणाला. "न दिसणाऱ्यातून कसं निवडू?"

मी चहाचा ग्लास भिंतीवर फेकला. त्याचा काही उपयोग होणार नाही, हे फेकतानाही मला माहीत होतं. मुदीरनं घंटी वाजवून झाडूवाल्याला बोलावलं आणि मला म्हणाला, "बस, या अखी, माझ्या भावा. काच लागेल पायाला."

ऑगस्टअखेर करार वाढला नाही. डाव्या बाजूला तो बावीस वर्षांचा मुलगा खेळायला लागला. वाईट खेळत नाही.

माझं म्हणणं आजही तेच आहे आणि मी ते रांगेतसुद्धा सांगतो. सराव हे काम असेल तर त्याला काम म्हणा, आणि त्यात हातपाय मोडला तर अंगावर घ्या. काम नसेल तर कोण आलं आणि कोण नाही हे बघू नका. पगारी खेळाडूचं शरीर हेच त्याचं भांडवल आहे, ते त्यानं कुणाच्या खुशीसाठी उन्हात नेऊ नये. हे मला पटलेलं आहे. पण धाकट्यानं दवाखान्यातून घरी येताना गाडीत मला एवढंच सांगितलं होतं, "कुणाच्या खुशीसाठी नव्हतो जात. मला बरं वाटायचं तिथं." आणि माझ्यावर रागावलास का, असं मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

त्याचा परवाना मी माझ्या गाळ्यावर करून घेतला. फ्रिजच्या दाराचं रबर बदलणं, कॉम्प्रेसर तपासणं, हे तो शिकला. हात चांगला आहे त्याचा. फरवानियाच्या हॉस्पिटलात एक नागपूरच्या फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, त्यांनी त्याला दीड वर्ष पाय उचलायला लावला. यंदा मार्चमध्ये त्या म्हणाल्या, "आता धावायला काही हरकत नाही. खेळूसुद्धा शकाल, हळूहळू." घरी येऊन त्यानं हे सांगितलं नाही. मी बाईंना फोन केला तेव्हा मला कळलं.

परवा मेमध्ये मी एका छोट्या संघाच्या कोचला गाठलं. एगैला भागात हॉटेलाचं सामान बघायला गेलो होतो, तिथं हॉटेलवाल्याच्या ओळखीनं भेट झाली. त्याला धाकटा आठवत होता. म्हणाला, "जूनमध्ये आमचा उन्हाळी सराव असतो. पाठवा. गुडघा कसा आहे ते बघू. आत्ता कागद वगैरे काही नाही, शब्दही देत नाही. यायचं असेल तर यावं."

मी 'हो' म्हणालो. विम्याचं विचारलं नाही, कागदाचं विचारलं नाही. गाडी चालवत गाळ्यावर येईपर्यंत मी त्याला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो.

तो एका उभ्या फ्रिजपुढं बसून दाराचं रबर ताणत होता. मी सगळं सांगितलं.

"न्हाई दादा," तो म्हणाला.

"अरे, नुसतं जाऊन बघ की. चार दिवस."

"कशाला?"

"तुला बरं वाटायचं म्हणालास ना?"

"वाटायचं."

"मग? मी येतो बरोबर. रोज पाचला गाडी काढतो. बाहेर बसतो. कुणी जोरात अंगावर आलं तर आत येऊन त्याला बघतो."

तो हसला. "तुझ्या भीतीनं कोण बॉलच घेणार न्हाई."

"दोन दिवस जा. एक दिवस जा." मी खाली उतरत होतो, गिऱ्हाईकापुढं कधी उतरलो नाही इतका. "नुसते बूट घालून कडेनं पळ. बॉलला हात, म्हणजे पाय, लावू नकोस."

"दादा." त्यानं रबराचं टोक खाचेत दाबलं आणि अंगठ्यानं ते कडेनं बसवत नेलं. "मला भ्या वाटतंय आता. पाय टाकताना. रस्ता ओलांडताना पण वाटतंय. तू उगं घासाघीस करू नको."

मी आणखी काही बोलणार होतो. तेवढ्यात त्यानं दार लावून बघितलं. ते बरोबर बसलं नव्हतं, वरच्या कोपऱ्यात फट राहिली होती. त्यानं ते सगळं पुन्हा सोडवलं आणि मला म्हणाला, "ते दार जरा धर."

मी धरलं.